खरजेच्या नावाचे फूल



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘एका फुलाची लागवड’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “अहो, आम्हाला वाटले तुम्ही किमान वेतनावर बोलाल.” त्यांची चूक नाही. गेली तीस वर्षे मी कारखान्यांच्या दारात सभा घेत आलो आहे. माझा आवाज भोंग्याशी स्पर्धा करून असा घोगरा झाला आहे. असल्या आवाजात फुलांबद्दल बोलणे म्हणजे लोहाराने सनई वाजवण्यासारखे. पण या गोदाकाठच्या पटांगणावर मोठमोठ्या पंडितांची व्याख्याने झाली आहेत. एक दिवस एका कामगाराने आपल्या रविवारचा हिशेब दिला तर तुम्ही सोसून घ्याल, असा माझा भरवसा आहे.

माझे शालेय शिक्षण दहावीला अडले. पुढे आय. टी. आय. केले, फिटर झालो. वाचायला शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात. १८४० सालची ही आपली संस्था. तिने माझ्यासारख्या किती जणांना गुपचूप पदवी दिली असेल, त्याची नोंद कुठल्याच विद्यापीठात मिळायची नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्र असेल तेवढे पुस्तकांचे आणि मातीचे असेल तेवढे माझ्या अंगणाचे, असे धरून चाला.

माझ्या फुलाचे नाव स्कॅबिओसा. मराठीत त्याला रूढ नाव नाही. इंग्रज लोक त्याला टाचण्यांची उशी म्हणतात, आणि फूल पाहिले की ते नाव पटते. शिंप्याच्या मनगटाला बांधलेली ती लहानशी गादी असते ना, टाचण्या खोचलेली, तसे हे फूल दिसते. मी त्याला टाचणीफूल म्हणतो. मला हे नाव कोणी सांगितले ते पुढे येईल.

पण शास्त्रीय नावाची गंमत ऐका. लॅटिन भाषेत ‘स्कॅबीज’ म्हणजे खरूज. युरोपातले जुने वैद्य या कुळातल्या झाडांचा पाला खरजेवर लावीत, म्हणून झाडाचे नाव खरजेवरून पडले. पुढे १६८७ साली इटलीत बोनोमो नावाच्या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकातून पाहून दाखवले की खरूज एका बारीक किड्यामुळे होते. पाल्याची थोरवी तिथेच संपली. पण नाव सुटले नाही. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींची मोठी नोंदवही प्रसिद्ध केली, तीत आपल्या बागेतल्या या जातीची नोंद ‘स्कॅबिओसा अ‍ॅट्रोपर्प्युरिया’ अशी झाली. पुढच्या शब्दाचा अर्थ काळपट जांभळी. म्हणजे काय, तर ‘खरजेवाली काळपट जांभळी’. एखाद्या सुंदर मुलीचे नाव धोंडी ठेवावे तसे हे झाले.

दुसऱ्या देशांतली नावे याहून हळवी आहेत. फूल गडद रंगाचे, म्हणून फ्रान्समध्ये आणि इंग्लंडात त्याला विधवेचे फूल म्हणत. पोर्तुगीज लोक त्याला ‘सौदाद’ म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल मनात राहणारी हुरहूर, असा त्या शब्दाचा अर्थ. एकाच फुलाला कोणी रोग चिकटवला, कोणी वैधव्य, कोणी विरह. झाड बिचारे सगळीकडे सारखेच उगवते.

आता फूल कसे असते ते सांगतो. कमरेएवढ्या उंचीची सडपातळ झाडे, खाली कातरलेली पाने, वर लांब उघडे देठ आणि देठाच्या टोकाला घुमटासारखे फूल. रंग गडद मरून, जांभळा, फिकट निळसर, गुलाबी आणि पांढरा. मरून तर इतका गडद की संध्याकाळी काळाच दिसतो. हे दिसते एक फूल, पण ते एक नसते. झेंडू आणि शेवंतीप्रमाणे ती पुष्कळ बारक्या फुलांची वस्ती असते. कडेची फुले मोठी, मधली लहान. त्या प्रत्येकातून पांढरट डोक्याचे केसर वर येतात. त्याच आपल्या टाचण्या. झेंडूच्या बारक्या फुलात पाच केसरांची डोकी एकमेकांना चिकटून नळी झालेली असते. टाचणीफुलात केसर चार असतात आणि चारही सुटे असतात. त्यामुळे दोघांची घराणी वेगळी. पूर्वी याचे कूळ स्वतंत्र मानत, आता शास्त्रज्ञांनी ते हनीसकलच्या कुळात घातले आहे. मी कामगारांना सांगतो, एकजूट दोन्हीकडे आहे. पण झेंडूत डोके चिकटवून आहे आणि इथे डोके मोकळे ठेवून आहे. आमच्या काही पुढाऱ्यांनी दुसरा नमुना अभ्यासायला हरकत नाही.

पाकळ्या गळल्या की बोंड राहते, तेही बघण्यासारखे. प्रत्येक बीजाला कागदासारखी पातळ झालर असते आणि मधोमध काळसर पाच कुसळे. बॅडमिंटनचे फूल लहान करून दाखवावे तसे. वाऱ्यावर ते थोडे अंतर जाते, कुसळांनी कशाला तरी अडकते आणि पाणी मिळाले तर रुजते.

हे फूल मूळचे भूमध्य समुद्राच्या काठचे. आपल्याकडे ते थंडीच्या मोसमी फुलांत लावले जाते. गुलाबासारखी त्याची इथे पेठ नाही. आपले शहर मोगलांच्या अमदानीत गुलशनाबाद झाले. आजही दिंडोरीकडे जानोरी-मोहाडीच्या भागात गुलाबाची हरितगृहे आहेत आणि दसऱ्याला झेंडूचे ढीग पाहून बाहेरगावचा माणूस थक्क होतो. टाचणीफुलाला बाजारभाव नाही. हार होत नाही, देवाला वाहण्याचा प्रघात नाही. मग एका फिटरच्या अंगणात ते आले कसे?

ती गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. सातपूरच्या एका कारखान्यात मी कामाला होतो आणि आमच्या युनियनचा चिटणीस होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. त्याने काही साधत नाही. वेतनकराराची मुदत संपली, बोलणी फिसकटली आणि ऐन दिवाळीनंतर मालकाने टाळेबंदी लावली. आम्ही फाटकासमोर मंडप घातला. शंभर-सव्वाशे माणसे, पाळीपाळीने बसायचो. थंडी अशी की रात्री पत्र्याच्या डब्यात लाकडे पेटवून बसावे लागे.

फाटकाच्या आत बाग होती आणि ती बाग राखणारा एक म्हातारा माळी होता. पेठकडचा, काटकुळा. सगळे त्याला मामा म्हणत. टाळेबंदीत आम्ही सगळे बाहेर, पण मामा रोज सकाळी लहान दारातून आत जाई. कंपनीला यंत्रे बंद ठेवणे परवडत होते, हिरवळ वाळणे परवडत नव्हते. आमची पोरे त्याला फितूर म्हणू लागली. एका सकाळी मी स्वतः त्याला अडवले. म्हणालो, “मामा, आम्ही इथे उपाशी बसलोय आणि तुम्ही आत पाणी घालताय. बरे दिसते का?”

मामांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि विचारले, “भाऊ, तुमच्या युनियनच्या पावतीबुकात माझं नाव हाये का?”

नव्हते. मामा कंपनीचे नव्हतेच. ते एका कंत्राटदाराचे होते. झाडूवाले, कँटीनची पोरे आणि माळी, ही सगळी मंडळी वेगळ्या हजेरीवर. आमच्या घटनेत ‘कायम कामगार’ एवढाच सभासद होता. त्या माणसांनी आमच्याबरोबर बाहेर राहावे असे वाटत होते, पण ती आत असताना त्यांना काय मिळते हे आम्ही कधी विचारले नव्हते. मी बाजूला झालो. मामा आत गेले.

फाटकाच्या जाळीतून आम्हाला एक वाफा दिसे. माघाच्या सुमारास त्यात ही गडद फुले उमलली. बसून बसून माणूस काय बघणार? मी ती बघू लागलो. एक दिवस मामा बाहेर येताना विचारले, कोणते फूल? ते म्हणाले, “टाचणीचं. माझा बाप देवळालीला साहेबाच्या बंगल्यावर माळी होता, तो लावायचा. साहेब गेला, बी राह्यलं.” नाव मिळाले ते असे.

पुढे त्या गोष्टीचे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी लागवड सांगून घेतो, नाहीतर पाठीमागे बसलेल्या भगिनी म्हणतील, फुलाचे नाव सांगून युनियनचे भाषण ठोकले.

पहिली गोष्ट मोसमाची. पेरणी नवरात्र ते दिवाळी या काळात करावी. पावसात पेराल तर रोपे सडतात, आणि ऑक्टोबरचे ऊन असताना उघड्यावर पेराल तर उगवण कमी होते. बी रुजायला पंधरा ते वीस अंश तापमान मानवते. म्हणून कुंडी किंवा खोके सावलीत ठेवावे. पोयटा, वाळू आणि चाळलेले शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल नको. झालर चोळून काढली तर बी मातीला नीट लागते. झारीने पाणी द्यावे, धार नको. दहा ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात.

इथे माझी पहिली फजिती. पहिल्या वर्षी मी मायेपोटी सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. रोपे बोटभर झाली आणि एका रात्रीत मानेशी काळी पडून आडवी झाली. बुरशीने रोपे कोलमडतात ती अशी, आणि कारण बहुधा ओल. त्यानंतर मी एक नियम केला: मातीत बोट घालायचे, वरचे पेर कोरडे लागले तरच पाणी. झाडाला तहान लागू द्यावी, मग पाजावे.

दुसरी गोष्ट जमिनीची. या झाडाला चुना मानवतो. आपल्या नाशिकच्या काळ्या मातीत चुनखडीचा अंश असतोच, तेव्हा ती तक्रार नाही. तक्रार आहे ती काळी माती पाणी धरून ठेवते याची. याची मुळे पाण्यात उभी राहत नाहीत. म्हणून गादीवाफा करावा, वीतभर उंच. मातीत मुरूम आणि वाळू मिसळावी. शेतकरी मंडळी इथे असतील, त्यांना वाफसा म्हणजे काय ते सांगायला नको. मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि टाकला तर फुटावा, अशा वाफशावर लागण करावी. खत जपून. शेणखत एकदा जमिनीत द्यावे, पुरे. युरियाची चिमूट दिली की झाड पानांनी माजते आणि फूल रुसते.

महिना-सव्वा महिन्यात रोपाला पाच-सहा पाने आली की संध्याकाळच्या वेळी लागण करावी. दोन रोपांत एक फूट अंतर. हात आखडता घेऊ नका. दाट लावलेल्या झाडांत वारा खेळत नाही आणि भुरी येते. द्राक्षाच्या जिल्ह्यात भुरी समजावून सांगण्याची वेळ येऊ नये. तेच पांढरे पीठ, तोच गंधकाचा उपाय. पण उन्हाच्या कडाक्यात गंधक मारू नका, पाने भाजतात. अंगण नसेल तर बारा इंची कुंडीत एक रोप सुखाने वाढते. ऊन मात्र निदान सहा तास हवे. सोसायटीच्या उत्तरेकडच्या गॅलरीत हे झाड नुसते लांबते.

रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. हे करताना प्रत्येकाचा जीव कचरतो. पण शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात आणि एका काडीच्या जागी पाच-सहा फांद्या होतात. मग आधार द्यावा. बाजारातले प्लॅस्टिक कशाला? तुरीच्या तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या झाडांच्या मधे खोचून द्याव्यात. झाड त्यांच्यातून वाढते, आणि महिन्याभरात काटक्या दिसतही नाहीत.

थंडीची याला भीती नाही. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्या दिवसांत टाचणीफूल पाने जमिनीशी धरून निवांत बसते. माव्याचा उपद्रव कोवळ्या शेंड्यांवर होतो. आधी नुसत्या पाण्याचा फवारा मारून तो पाडावा. न हटला तर पाच टक्के निंबोळी अर्क. फुलावर फुलपाखरे आणि मधमाश्या असतात, म्हणून फवारणी संध्याकाळी.

पेरणीपासून सव्वातीन-साडेतीन महिन्यांत फूल लागते. म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून. आता महत्त्वाचे. सुकलेले फूल झाडावर ठेवू नका. देठ खालच्या पानाच्या बगलेपर्यंत कापा. झाडाला बी धरायचे असते. बी धरले की आपले काम झाले म्हणून ते थांबते. तुम्ही बी धरू दिले नाही, तर ते पुन्हा फूल काढते, पुन्हा प्रयत्न करते. अशाने मार्चअखेर बाग चालते. एकदा कात्री चालवताना माझ्या मनात आले, अरे, ही तर आपल्या मालकाचीच युक्ती! कामगाराचे स्वतःचे काम पुरे होऊ द्यायचे नाही, म्हणजे तो राबत राहतो. तेव्हापासून मी दरवर्षी चार झाडांना सोडून देतो. त्यांना फेब्रुवारीअखेर कात्री लावत नाही. ती बी धरतात आणि निवृत्त होतात. बोंड तपकिरी झाले आणि हाताला कागदासारखे वाजू लागले की कोरड्या दुपारी खुडायचे, सावलीत वाळवायचे, कागदी पुडीत ठेवायचे. पुढच्या मोसमाचे बी त्यातूनच. रंगीत मिश्रणाचे बी हुबेहूब तोच रंग देईल याची खात्री नाही. मरूनच्या पोटी गुलाबी येते. घराघरांत असे चालतेच.

कापलेले फूल पाण्यात चांगले टिकते. लांब देठ, एका तांब्यात पाच फुले पुरतात. नाशिकच्या पुष्पोत्सवात मोठ्या बक्षिसाचे हे फूल नव्हे. पण माझ्या घरी आलेला कामगार मुलाच्या फीबद्दल बोलता बोलता त्या तांब्याकडे बघत राहतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आता कोणी विचारील, कामगाराला फुलांचे काय? उत्तर इतिहासात आहे. स्कॉटलंडमध्ये पेस्ले नावाचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथले हातमागाचे विणकर घरात माग चालवीत आणि खिडकीशी कुंड्या ठेवीत. पिंक नावाच्या फुलाच्या पाकळ्यांवर नाजूक नक्षीची किनार असलेल्या जाती त्यांनी निवडून निवडून तयार केल्या. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकरांनी ऑरिक्युला हे फूल असेच वाढवले. विद्यापीठातले शास्त्रज्ञ नव्हेत, मागावर बसणारी माणसे. घरी काम होते तोवर धोटा ठेवून उठता येई, कुंडीला ऊन दाखवता येई. मग वाफेचे माग आले, माणूस गिरणीत कोंडला गेला, आणि त्याबरोबर त्या फुलांचेही दिवस फिरले.

टाचणीफुलाचे एक भावंड तर खुद्द कारखान्यात राबले. टीझल नावाचे झाड, याच कुळातले. त्याच्या वाळलेल्या बोंडांना वाकड्या टोकांची कुसळे असतात. लोकरीच्या कापडावर ती घासून तंतू वर उचलायचे आणि मग कातरायचे, म्हणजे कापड मऊ होते. हे काम हाताने होई. पुढे फिरत्या पिंपावर ही बोंडे बसवून यंत्र झाले, त्याला गिग मिल म्हणत. इंग्लंडच्या संसदेने १५५१-५२ साली गिग मिलवर बंदीचा कायदा केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालकांनी ही यंत्रे बसवली तेव्हा कारागिरांनी त्या जुन्या कायद्यावर बोट ठेवले. सरकारने काय केले? कायदाच काढून टाकला. १८१२ साली यॉर्कशायरमध्ये कातरणीची यंत्रे फुटली, ती या भांडणातून. माझ्या अंगणातल्या फुलाच्या चुलत घराण्याने कामगार चळवळीचा पहिला धडा पाहिला आहे, हे मला वाचनालयात कळले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

आणि आपल्याकडे? आपल्या देशात गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी, १८८४ साली, मुंबईत. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. ते फुलमाळी समाजातले. खुद्द फुल्यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या धंद्यावरून फुले झाले. लोखंड्यांनी मागितले काय, तर आठवड्याची एक सुट्टी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन स्त्रिया उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मंडळी, मी शेंडे खुडतो, बी वाळवतो, ते सगळे रविवारी. तो रविवार आकाशातून पडलेला नाही. एका फुलमाळ्याच्या मुलाने तो मिळवून दिलेला आहे.

आता मामांकडे येतो. फाल्गुनात समझोता झाला. आम्ही सगळे कामावर परतलो. पगारवाढ मिळाली, मिरवणूक निघाली, माझ्या गळ्यात हार पडले. करारात एकवीस कलमे होती. त्यातले एक कलम असे होते की सफाई, कँटीन आणि बागकाम ही कामे कंत्राटाने चालतील व युनियन त्यास हरकत घेणार नाही. मालकाने ते शेवटच्या रात्री घातले. मी ते वाचले. कळले नाही असे नाही. चार महिने चुली थंड होत्या, आणि त्या कलमात आमचा एकही सभासद नव्हता. मी सही केली.

दोन महिन्यांनी मामा माझ्या घरी आले. कंत्राटदार बदलला होता. नव्याने आपली माणसे आणली, मामांना हजेरीवर घेतले नाही. अठरा वर्षे एकच बाग राखून त्यांच्या हातात एक कागद नव्हता. १९७० सालचा कंत्राटी कामगार कायदा तेव्हा लागू होता. बारमाही काम कंत्राटावर नको, असे म्हणायची वाट त्यात होती. पण ती वाट चालायला कोणीतरी मागणी करावी लागते, आणि मागणी करणाऱ्याने हरकत घेणार नाही म्हणून लिहून दिले होते. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राटाला बंदी झाली तरी माणूस आपोआप कायम होत नाही. म्हणजे ती वाटही अरुंद झाली.

मामा भांडायला आले नव्हते. चहा घेतला. बिडीच्या बंडलाच्या कागदात बांधलेली पुडी पुढे केली आणि म्हणाले, “भाऊ, तुम्ही इचारलं व्हतं ना फुलाचं. पाऊस सरला का टाका.” मी म्हणालो, मामा, मी बघतो काहीतरी. ते म्हणाले, “बघा.” आणि गेले. मी खरेच बघितले. दोन ठिकाणी शब्द टाकला. तोवर ते गावाकडे निघून गेले होते. मला पुन्हा भेटले नाहीत.

ते बी मी लावले. पहिल्या वर्षी बरेचसे मारले, हे सांगितलेच. जी सहा रोपे वाचली त्यांच्यावर आजवर चालले आहे. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या युनियनच्या घटनेत आम्ही दुरुस्ती केली: कारखान्याच्या फाटकातून आत कामाला जाणारा कोणीही सभासद होऊ शकेल, हजेरी कोणाचीही असो. सोपे गेले नाही. आमचेच लोक म्हणाले, झाडूवाल्याच्या पगारासाठी आपण का भांडायचे? मी त्यांना मामांचा प्रश्न सांगितला. काहींना पटला, काही सोडून गेले. नंतर एका ठिकाणी माळी आणि सफाईच्या बायकांना भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि भरपगारी साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली. एवढेच. मोठा विजय म्हणण्यासारखे नाही. पण आता कोणताही करार माझ्यापुढे आला की मी आधी शेवटचे पान वाचतो, आणि त्यात ज्यांचे नाव नाही त्यांची यादी करतो.

तुम्हाला मी संघटनेत या म्हणत नाही. तुमच्या सोसायटीत एक माळी येत असेल, शाळेच्या आवारात, दवाखान्याच्या दारात येत असेल. गुलशनाबादचे गुलाब ज्यांनी राखले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण आजच्या माळ्याचे नाव विचारता येते. त्याला आठवड्याची सुट्टी आहे का आणि ती पगारी आहे का, हेही विचारता येते. बागेची निगा मी तासभर सांगितली. बाग राखणाऱ्याची निगा या दोन प्रश्नांपासून सुरू होते.

बाहेर पडताना उजव्या हाताला टेबलावर कागदी पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत वीस-पंचवीस बिया आहेत, यंदाच्याच. पैसे द्यायचे नाहीत. एकच विनंती. घरी गेल्या गेल्या कुंडीत टाकू नका. हा मे महिना आहे, एकही उगवणार नाही. पुडी कोरड्या डब्यात ठेवा. पाऊस सरला की टाका.